भावाला अटक झालीय, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, पोलीस लॉकअपमध्ये गोळ्या आत घेत नाहीत, काय करू?

कृष्णाकाठची
सातारा जिल्हा, रात्री १०.४०

नमस्कार सगळ्यांना, घाईत लिहितेय, चुका असतील तर सांभाळून घ्या. आज दुपारी तीनच्या सुमारास माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी अटक केली. बांधावरनं चुलत्यांच्या पोरांशी भांडण झालं, आधी शिवीगाळ आणि मग खोऱ्याचा दांडका कोणाच्या हातात होता ते अजून कोणी नीट सांगत नाही, पण समोरच्याच्या डोक्याला टाके पडलेत आणि ११८ की काय ते कलम लावलंय. भांडणाचं काय व्हायचं ते कोर्टात होईल, मी त्याच्यासाठी विचारत नाही.

माझा भाऊ २९ वर्षांचा आहे आणि त्याला बायपोलर आहे. सहा वर्षं झाली, लिथियम आणि झोपेच्या वेळेची एक गोळी चालू आहे. गोळ्या वेळेवर असल्या की एकदम चांगला असतो, शेती तोच बघतो, ठिबकचं सगळं काम स्वतः करतो. पण दोन वर्षांपूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या तेव्हा त्यानं स्वतःचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता, आम्ही वेळेत पोचलो म्हणून वाचला. हे गावात कोणाला माहीत नाही, पोटदुखीसाठी ॲडमिट केलं होतं असंच सांगितलंय.

संध्याकाळी मी आणि आई गोळ्या घेऊन ठाण्यात गेलो तर बाहेरची गोळी आत देता येत नाही, मेडिकल झालंय, डॉक्टरनी फिट लिहून दिलंय, सकाळी कोर्टात नेणार आहे तेव्हा बघा असं म्हणाले. मी म्हटलं त्याला मानसिक आजार आहे, तर तिथं बसलेला एक जण म्हणाला अटक झाली की सगळ्यांनाच आजार सुचतात. आईला रडू आवरेना. भावाला पाच मिनिटं लांबून बघू दिलं, तो कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसला होता आणि आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला त्याची ती बसायची पद्धत माहितीय म्हणून जास्त भीती वाटतेय.

एक तर रात्रीची गोळी चुकली तर काय होतं, आणि दुसरं म्हणजे पोलिसांना जुनी गोष्ट सांगू का नको? सांगितली तर कागदावर येणार, समोरची पार्टी गावभर वेडा म्हणून करणार, आणि माझं लग्न ठरायचंय ते वेगळंच. वडील म्हणतात गप बसा, एका रात्रीचा प्रश्न आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.


वाळव्याचा वकील
सांगली, रात्री ११.०५

ताई, आधी एक, एका रात्रीचा प्रश्न आहे हे वडिलांचं म्हणणं डोक्यातनं काढून टाका, कोठडीत सगळ्यात धोक्याची वेळ पहिली रात्रच असते. माणूस पहिल्यांदा आत गेलेला असतो, अब्रू गेली असं त्याला वाटत असतं, बाहेर काय चाललंय कळत नाही, झोप नाही. त्यात आधी एकदा असा प्रयत्न झालेला असेल तर ती गोष्ट पोलिसांना आजच्या आज कळलीच पाहिजे.

आता तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेलं सकाळी ड्युटी बदलली की हवेत विरतं. एका साध्या कागदावर अर्ज लिहा, मा. पोलीस निरीक्षक यांस म्हणून, त्यात भावाचं नाव, आजाराचं नाव, कुठल्या गोळ्या किती वाजता, कोणते डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी असा प्रयत्न झाला होता आणि आत्ता तो गप्प आहे, बोलत नाही, आम्हाला त्याच्या जिवाची भीती वाटते, हे वाक्य त्याच शब्दात लिहा. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि जुन्या डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स जोडा. रात्री झेरॉक्स मिळणार नाही तर मोबाईलवर फोटो काढून ओरिजिनल चिठ्ठी दाखवा पण देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या, वेळ आणि सही. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर वाद घालू नका, तोच अर्ज ठाण्याच्या आणि एसपी ऑफिसच्या ईमेलवर टाका, वेळ आपोआप नोंद होते.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५६ म्हणतं की आरोपी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याच्या आरोग्याची आणि सुरक्षेची वाजवी काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे. हे जुन्या सीआरपीसीत, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, ५५-अ होतं, नवीन नाही, १ जुलै २०२४ पासून फक्त नंबर बदलला. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर सरकारी डॉक्टरनं तपासणी करायची असते, ती झालीय म्हणतात, पण ती तपासणी बहुतेक ठिकाणी अंगावर मार आहे का एवढीच होते, मनाचं कोणी विचारत नाही. म्हणून अर्जात परत वैद्यकीय तपासणीची मागणी करा आणि मानसोपचार तज्ज्ञांचं मत घ्यावं असं स्पष्ट लिहा. डी. के. बसू प्रकरणात सुप्रीम कोर्टानं घालून दिलेले नियम आहेत, कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी मेडिकल करायचं. सुप्रीम कोर्टाचं नाव घेतलं की आवाज खाली येतो, पण तुम्ही आवाज चढवू नका.

बदनामीची भीती मी समजू शकतो. पण अर्ज दिला म्हणजे भाऊ वेडा आहे असं तुम्ही कबूल केलं असं होत नाही. आरोपी खटला समजू शकत नाही त्याची प्रक्रिया वेगळी असते, कलम ३६७, तिचा इथं काही संबंध नाही. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे आजाराची माहिती गुप्त ठेवून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे. अर्जातच लिहा की ही माहिती फक्त सुरक्षेसाठी आणि उपचारासाठी देत आहोत.

वकील लावलाय का? नसेल तर १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. उद्या रिमांडच्या वेळी न्यायाधीशांपुढं औषधं चालू ठेवायचा अर्ज करायचाय, तो आज रात्रीच तयार ठेवा.


जुना अंमलदार
कराड, रात्री ११.३०

ताई मी ३१ वर्षं खात्यात होतो, सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. वकील साहेबांनी बरोबर सांगितलंय पण मी आतल्या बाजूनं सांगतो. तुम्ही आत्ता परत ठाण्यात जा, आईला घेऊ नका, घरातला एखादा शांत बोलणारा माणूस घ्या. आणि साहेबाला शोधत बसू नका, रात्री साहेब नसतोय. रात्रीच्या ठाणे अंमलदाराला गाठा. लॉकअपचा गार्ड त्याचं ऐकतो आणि स्टेशन डायरी त्याच्या हातात असते. त्याला सांगा साहेब मला तक्रार करायची नाही, फक्त माझ्या भावाबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे, ती डायरीला घ्या. डायरीला नोंद झाली की जबाबदारी त्याच्यावर आली हे त्याला न सांगता कळतं.

मी खोटं बोलत नाही, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं नाही. आरोपीची अंगझडती घ्यायची, बेल्ट, बुटाची नाडी, करदोटा, म्हाताऱ्या माणसाच्या लेंग्याची नाडी काढून घ्यायची, झालं. एवढं केलं की आपलं काम संपलं असं वाटायचं. पण वस्तू काढून घेऊन माणूस सुरक्षित होत नाही. वरनं काय होतं, लेंगा हातात धरून बसायला लागतंय म्हणून तो जास्तच खचतो. मी नंतर नंतर घरच्यांना सांगायचो की इलॅस्टिकची ट्रॅक पँट आणि टीशर्ट आणून द्या. तुम्ही पण जाताना घेऊन जा, साधी गोष्ट आहे पण माणसाला माणसासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट. जो ओरडतो, दार वाजवतो त्याच्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. जो गप्प बसतो त्याला चांगला आरोपी म्हणायचे आमच्यात, त्रास नाही काही नाही. मला पंधरा एक वर्षांनी कळलं की लक्ष द्यायचं ते गप्प बसणाऱ्याकडं. पहिल्यांदा आत आलेला, चांगल्या घरचा, जेवायला नाही म्हणतोय, घरच्यांकडं बघत नाही, असला दिसला की मी गार्डला सांगायचो ह्याला एकटा ठेवू नको, दुसऱ्या आरोपीबरोबर ठेव आणि येता जाता हाक मार. स्वतः पण जाऊन बसायचो गजाजवळ. काय रं, जेवलास का, घरी कोण कोण हाय, कसली गोळी चालू हाय, शेवटची दारू कधी घेतलीस, कुणाला निरोप द्यायचाय का. एवढंच विचारायचो. शंभरातले नव्वद जण बोलायचे आणि बोलला की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण खाली यायचा, ते दिसायचं मला.

दारूवाल्यांचं तर लई मोठं आहे. रोज पिणारा माणूस आत आला की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम येतो, भिंतीवर किडं दिसतात म्हणतो, आणि गार्ड म्हणतो नाटक करतंय. ते नाटक नसतं. आणि पिऊन पडलाय झोपू दे असं कुणाला करू नये, डोक्याला मार असला तरी माणूस तसाच घोरतो. उठवायचा, नाव विचारायचं, नीट बोलला तर ठीक नाहीतर सरळ गाडी काढायची आणि सिव्हिलला न्यायचं.

तुम्हाला जो बोलला आजार सुचतात म्हणून, त्याचं मनावर घेऊ नका पण ते बरोबर पण नाही. कोठडीत माणूस गेला की न्यायाधीशांची चौकशी लागते, सीआयडी येते, मानवाधिकार आयोगाला २४ तासात कळवावं लागतं, निलंबन होतं, पोलिसाच्या घरची चूल बंद पडते. तुम्ही अर्ज दिला तर त्यांचाच फायदा आहे, असं बोला, ऐकतील. सांगलीचं २०१७ चं कोठडीतलं प्रकरण अजून कोणी विसरलेलं नाही, खात्यात तर अजिबात नाही.

कॅमेऱ्यावर विसंबू नका. लॉकअपला कॅमेरा पाहिजे असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा आदेश आहे, पण कॅमेरा नोंद ठेवतो, त्याच्यासमोर रात्री तीनला बघत बसलेला माणूस असतोच असं नाही.


मिरजेची सिस्टर
सध्या इंग्लंडमध्ये, रात्री ११.५०

ताई मी मिरजेत शिकले, तिथंच मानसोपचार वॉर्डात काम केलं आणि आता सात वर्षं इंग्लंडमध्ये पोलिस कोठडीतच नर्स म्हणून काम करते. तुमच्या गोळ्यांच्या प्रश्नाचं आधी सांगते कारण ते कोणी लिहिलेलं नाही.

लिथियमची एक रात्रीची गोळी चुकली तर लगेच काही होत नाही, घाबरू नका. पण सकाळी डबल द्यायची नाही, अजिबात नाही. लागोपाठ चुकत गेल्या तर आजार उलटायचा धोका असतो, आणि बायपोलरमध्ये त्याच्याही आधी त्रास देते ती झोप. दोन रात्री झोप नाही झाली की काही जणांचा आजार उसळतो. म्हणून झोपेच्या वेळेची जी गोळी आहे तिच्याबद्दल जास्त आग्रह धरा.

आता दोन गोष्टी लिहून घ्या. लिथियमवाल्या माणसाला पाणी भरपूर पाहिजे, उन्हाळ्यात बंद खोलीत पाणी कमी प्यायलं, उलट्या जुलाब झाले की रक्तातलं लिथियम वाढतं. आणि मारामारी झालीय म्हणजे त्याला पण मुका मार असणार, मेडिकलला नेलं की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा ब्रुफेनची गोळी देणं ही आपल्याकडं सवय आहे. ह्या गोळ्यांनी लिथियम वाढतं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या म्हणावं. हात जास्त थरथरतायत, चालताना झोकांड्या जातात, जीभ जड झालीय, उलट्या होतायत असं काही दिसलं तर ते टेन्शन नाही, सरळ दवाखाना आणि लिथियम लेव्हल. हे अर्जात दोन ओळीत लिहा, कारण तिथल्या डॉक्टरला तो लिथियमवर आहे हे कोणी सांगितलेलंच नसणार.

गोळ्या देताना सुट्ट्या कागदात बांधून देऊ नका. मेडिकलच्या बिलासकट, पूर्ण पट्टी, वर नाव दिसेल अशी, आणि डॉक्टरची चिठ्ठी. पण दोन दिवसांपुरत्याच द्या, आणि त्या पोलिसांच्या ताब्यात राहतील, भावाच्या हातात नाही, हे तुम्हीच म्हणा. त्याच्या जुन्या गोष्टीमुळं हे महत्त्वाचं आहे आणि तुम्ही स्वतःहून असं बोललात की समोरच्याचा विश्वास बसतो.

इथं माणूस कोठडीत आला की आत टाकायच्या आधी काउंटरवर उभा करून सार्जंट प्रश्न विचारतो, कसला आजार आहे, कुठली औषधं, आधी कधी स्वतःला इजा केलीय का, आत्ता तसा विचार मनात येतोय का, दारू किंवा नशा. उत्तरं लिहून घेतली जातात आणि त्यावरनं ठरतं की किती वेळानं बघायचं. काहींना तासाला एकदा, काहींना अर्ध्या तासाला, काहींना एक माणूस सतत नजर ठेवून असतो, आणि फारच वाटलं तर दारातच खुर्ची टाकून बसायचं. नशेत असेल त्याला अर्ध्या तासाला जागं करून बोलतं करायचं आणि काय बोलला ते लिहायचं. मानसिक आजार असेल तर चौकशीच्या वेळी पोलिस नसलेला एक मोठा माणूस त्याच्या बाजूला बसवायला लागतो, बऱ्याचदा घरातलाच असतो. म्हणून इथं सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, इथंही कोठडीत माणसं दगावतात, आणि प्रश्न विचारतात पण काही जण फॉर्म भरायचा म्हणून खाली मान घालून विचारतात, मग समोरचा पण नाही नाही म्हणत सुटतो. काकांनी गजाजवळ बसून विचारल्याचं लिहिलंय ना, तो खरा प्रश्न. त्याला फॉर्म लागत नाही.

एक गैरसमज मात्र डोक्यातनं काढा. जीव द्यायचा विचार येतोय का असं विचारलं की माणसाच्या डोक्यात तो विचार घुसतो, असं नाही होत. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. उद्या भेट झाली तर सरळ विचारा.

आणि ताई तुम्ही आणि आई रात्रभर जाग्या राहणार हे मला माहितीय. १४४१६ टेलिमानस, सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा. तुमच्यासाठीच करा फोन.


नाव नको
सांगली जिल्हा, रात्री १२.२०

मी इथं नुसता वाचतो, लिहीत नाही. पण ताईंचं ते लग्न ठरायचंय वाचून राहवलं नाही.

आमच्या चुलतभावाला उसाच्या टोळीच्या उचलीच्या पैशावरनं आत घेतला होता. त्याची गोळी चालू होती डिप्रेशनची, घरात फक्त आम्हा तिघांना माहीत. त्याच्या बहिणीची सोयरीक चालली होती म्हणून आम्ही ठाण्यात काही बोललो नाही. हवालदारानं मला विचारलं होतं बरं का, बरा हाय ना ह्यो, असा का बसलाय. मी म्हटलं बरा हाय, लाजतोय. हे माझ्या तोंडचे शब्द आहेत. पहाटे फोन आला.

पोलिसांवर आम्ही नंतर लई राग काढला, अर्ज केले, मोर्चा पण काढला. पण त्या माणसानं मला विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. चौकशीत पण ते मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

ती सोयरीक मोडली ती मोडलीच. ताई जावा आत्ताच्या आत्ता.


कृष्णाकाठची
रात्री १२.३५

निघालेय. मामा आलेत, ते आणि मी जातोय. अर्ज लिहिला, दोन प्रती. ट्रॅक पँट घेतली. दादा तुमचं वाचून वडील स्वतः उठले, तेच म्हणाले सगळं लिही.


वाळव्याचा वकील
रात्री १२.४०

जा. अजून एक, रिमांडला भावाला सांगून ठेवा की न्यायाधीश विचारतात पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, तेव्हा तो घाबरून नाही म्हणेल. तक्रार नाही म्हणाला तरी चालेल पण त्याच वेळी मला बायपोलर आहे आणि माझ्या गोळ्या मिळाल्या नाहीत एवढं वाक्य त्यानं स्वतः बोलायला पाहिजे. ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, यायला पाहिजे. तो बोलू शकला नाही तर वकिलानं बोलायचं.

कलम ११८ म्हणजे धोकादायक हत्यारानं दुखापत, त्यातलं (१) आहे की (२) तेही बघून घ्या, फरक पडतो. पहिल्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेची गरज का पडली हे पोलिसांना लिहून दाखवायला लागतं, नाहीतर आधी नोटीस द्यायची असते. सुप्रीम कोर्टाचा अर्नेश कुमार प्रकरणातला २०१४ चा निकाल आहे. जामिनाला हे आणि आजाराचे कागद दोन्ही उपयोगी पडतील.


कृष्णाकाठची
दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७.१५

काल परत लिहायचं त्राण नव्हतं, माफ करा. सगळं सांगते.

आम्ही पावणेएकला पोचलो. आधी जो बोलला होता तो नव्हता, दुसरे एक अंमलदार होते, चाळिशीचे असतील. मी काकांनी सांगितलं तसंच बोलले, तक्रार करायची नाही, एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले हे संध्याकाळीच का नाही सांगितलं. मी म्हटलं सांगत होते साहेब. मग त्यांनी कोणाला तरी फोन केला, डायरीला घेतलं, पोच दिली, सहीवर वेळ टाकली ००.५५. मेडिकलला परत न्यायला गाडी नव्हती, गाडी पेट्रोलिंगला गेली होती, ती येईपर्यंत पावणेदोन वाजले. दवाखान्यात ड्युटीवर जे डॉक्टर होते त्यांना मी सिस्टरनी सांगितलेलं दाखवलं. आणि खरंच, संध्याकाळच्या कागदावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन लिहिलेलं होतं. त्यांनी ते बघितलं, तपासलं, पाणी द्या म्हणाले, पुढं ते देऊ नका असं लिहिलं, झोपेची गोळी त्यांच्यासमोर दिली आणि सकाळी मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे असं कागदावर लिहिलं. लिथियम लेव्हल आज दुपारी पाठवलीय.

भावाशी गाडीत पाच मिनिटं बोलता आलं. मी सरळ विचारलं, मनात तसलं काही येतंय का. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, येत होतं संध्याकाळी. मग मला म्हणाला आईला नको सांगू. मी सांगितलं नाही, इथं लिहितेय तेवढंच. हे वाक्य मी ऐकलं नसतं तर काय झालं असतं ह्याचा विचार मी करायचा नाही असं ठरवलंय.

अंमलदारांनी त्याला एकटा नाही ठेवला, एका म्हाताऱ्या आरोपीबरोबर ठेवला आणि गार्डची खुर्ची समोर ओढून घेतली. मामा रात्रभर बाहेर बाकड्यावरच बसले होते, त्यांनी बघितलं. आधी गार्ड त्याला सारखा हाक मारून उठवत होता, तेव्हा मामांनी जाऊन सांगितलं की गोळी दिलीय, झोप लागायला पाहिजे त्याला.

आज कोर्टात वकिलानं अर्ज दिला. विधी सेवावालेच मिळाले, चांगले होते. भाऊ स्वतः बोलला. हळू बोलला पण बोलला. न्यायाधीश मॅडमनी त्याच्याकडं बघून विचारलं, आत्ता कसं वाटतंय. मग पोलिसांनी कोठडी मागितली होती ती दिली नाही, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली आणि औषधं चालू ठेवा, सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा असा आदेश दिला. जामिनाचा अर्ज परवा आहे. म्हणजे दोन रात्री तरी तो जिल्हा कारागृहात. आता तिथं परत सगळं पहिल्यापासून सांगायचं का? हे कागद आपोआप जातात का तिकडं?


मिरजेची सिस्टर
संध्याकाळी ७.५०

आपोआप जातात असं धरू नका. मी इथं सुद्धा बघते, माणूस ठाण्यातनं कोर्टात, कोर्टातनं जेलमध्ये जातो आणि त्याची माहिती मधेच कुठंतरी राहून जाते. प्रत्येक ठिकाणची पहिली रात्र ही परत पहिलीच असते. संध्याकाळी येत होतं असं तो म्हणालाय ना, ते वाक्य जेलच्या डॉक्टरपर्यंत गेलंच पाहिजे, आईला नाही सांगितलं तरी चालेल.

तो इंजेक्शनचा कागद तुम्ही बघितला हे फार चांगलं झालं. एका इंजेक्शननं बहुतेक काही होत नाही, पण लेव्हलचा रिपोर्ट आला की त्याच्या डॉक्टरांना फोनवर कळवा.


वाळव्याचा वकील
संध्याकाळी ८.१०

कोर्टाच्या आदेशाची प्रत, रात्रीचा मेडिकलचा कागद, जुनं डिस्चार्ज कार्ड, तिन्हीचा एक सेट करून उद्या सकाळी कारागृह अधीक्षकांच्या नावानं अर्ज द्या, परत पोच. आत घेताना कारागृहाचे वैद्यकीय अधिकारी तपासतात, त्यांच्यापर्यंत तो सेट जाईल असं बघा. गोळ्या तिथं त्यांच्याच औषध विभागातनं मिळायला पाहिजेत, लिथियम शिल्लक नसेल तर बाहेरनं आणायची परवानगी मागा, आदेश आहे म्हणून नाही म्हणणार नाहीत.


जुना अंमलदार
रात्री ९.००

ताई उद्याची वाट बघू नका, ज्या पोलिसांनी त्याला जेलला सोडलं त्यांनाच फोन करून विचारा की जेलच्या गेटवर आजाराचं सांगितलं का. सोडणारी पार्टी गेटवर कागद देते तेव्हा तोंडी सांगितलं तरी गेटवरचा जमादार लक्षात ठेवतो. आणि जमलं तर त्या रात्रीच्या अंमलदाराला भेटून या एकदा. चहाबिहा काही नको, नुसतं भाऊ बरा आहे सांगा. आम्हाला कोणी येऊन असलं सांगत नाही कधी.


कृष्णाकाठची
रात्री ९.२५

फोन केला. गेटवर सांगितलं होतं म्हणाले, अर्जाची झेरॉक्स पण त्यांनीच लावून दिलीय कागदाला. उद्या सेट घेऊन जातेच.

नाव नको दादा, तुम्ही वाचत असाल तर, वडिलांना तुमच्याशी बोलायचंय. त्यांना नीट बोलता येत नाही असल्या गोष्टींवर, पण त्यांनीच सांगितलंय लिहायला. मी खाजगी मेसेज टाकलाय.